वाटीचं वजन

जगातल्या प्रत्येक पदार्थाला वजन असतं, प्रत्येक पदार्थ जागा अडवतो, आणि या दोहोंचं एकमेकांशी जे नातं आहे ते कायमचं असतं. माणसं फिरतील, सरकारं फिरतील, पण वाटीभर साखर दीडशे ग्रॅमच भरेल. हे सत्य संघपालने नोकरीची सगळी वर्षं छातीवर बिल्ल्यासारखं वागवलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी, जेवणं झाल्यावर, अमरावतीच्या त्याच्याच स्वयंपाकघरात, कूलरच्या घरघरीत, ते काहीही आवाज न करता मोडलं. साधना मुरमुऱ्याचे लाडू करायच्या बेतात होती. गूळ किसून झाला होता, कढई ओट्यावर आली होती. "ऐका ना," ती म्हणाली, "कोपऱ्यावरून मुरमुरे आणा. आठ वाट्या लागतात. म्हणजे सव्वा किलो आणा." संघपाल हसला. सव्वा किलो मुरमुरे म्हणजे एक जाडजूड उशी भरली असती आणि वर दोन कुटुंबांचा चिवडा झाला असता. जन्मभर गृहविज्ञान शिकवलेल्या बाईने केलेला हा विनोद आहे, आणि चांगला आहे, असं त्याला वाटलं. पण साधना हसली नाही. तिने वाटी उचलून त्याच्यासमोर धरली, वर्गात धरायची तशी. "वाटीभर तांदूळ किती? दीडशे ग्रॅम. मुरमुरे म्हणजे तांदूळच ना, फुगलेले? मग वाटीभर मुरमुरे दीडशे. वाटी तर तीच आहे." आणि मग, त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलेलं पाहून, "काहून हसून राहिले?"

तो पिशवी घेऊन बाहेर पडला. दुकानात त्याने नेहमीचा लहान पुडा घेतला आणि उन्हात उभा राहिला. अमरावतीत मे महिन्यात माणसाच्या हातून काहीही झालं तरी ऊन लागलं म्हणतात; खून झाला तरी आधी कांदा हुंगवून पाहतील. तेव्हा ऊन लागलं असेल. पण ती तर सकाळपासून घराबाहेर पडली नव्हती. घरात बसून ऊन लागत असेल तर तो वेगळा आजार. घरी आल्यावर तिने पुडा घेतला, आकडा विचारला नाही, कढईत गूळ वितळवला, मुरमुरे ओतले आणि हाताला पाणी लावून लाडू वळले. लाडू उत्तम झाले. हाताला माहीत होतं ते डोक्याला माहीत नव्हतं, आणि हाताने डोक्याला कळू दिलं नव्हतं. संघपालने दोन लाडू खाल्ले.

त्यांच्या संसारात वजन त्याचं होतं आणि आकारमान तिचं. तो वजनमापांच्या खात्यात निरीक्षक. तराजू तपासायचे, वजनांवर मोहर उठवायची, तो आठवडी बाजारात आल्याची खबर लागली की निम्म्या विक्रेत्यांनी दुकानं गुंडाळायची, अशी त्याची ख्याती. ती मुलींच्या ज्युनिअर कॉलेजात गृहविज्ञानाची मॅडम. पीठ मापात कसं सैल भरायचं, दाबायचं नाही, ठोकायचं नाही, आणि वरून सुरीच्या पाठीने कसं सपाट करायचं, हे तिने मुलींच्या तीन पिढ्यांना शिकवलं, आणि ज्यांनी सुरीची धार लावली त्यांना उभं केलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने किराणा आणला तेव्हा "दोन किलो तांदूळ" असं जाहीर केलं आणि तिने विचारलं, "म्हणजे किती वाट्या?" तो म्हणाला, वाटी हे कायद्याने माप नाही. ती म्हणाली, भूक कुठे कायद्याने लागते. पुढची सगळी वर्षं हेच भांडण चवीपुरतं चालू राहिलं. इतर जोडप्यांकडे भांडायला सासू असते, यांच्याकडे घनता होती. तो किलोत सांगे, ती मनातल्या मनात भागून वाट्या करी, आणि कोणत्याही जिनसाचा तो आकडा तिच्या जिभेवर असे: कणिक शंभर, साखर दीडशे, मुरमुरे वीसच्या आत. नातलगांत बारसं असो, लग्न असो, कुणाच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन असो, भाताचा अंदाज साधनाचा. माणशी अर्धी वाटी तांदूळ, वाट्यांचे किलो, किलोचा आकडा आचाऱ्याला. भात कधी कमी पडला नाही, कधी उरला नाही. "साधनावहिनीचा भात" म्हणून लोक बोलत. प्रत्यक्षात तो भात तिने कधी शिजवलेला नसे.

संघपालचं वजनाचं वेड मात्र घरातून आलं होतं, हिवरखेडहून. त्याची आई इंदूबाई मजुरीला जायची आणि मजुरी ज्वारीत मिळायची, पायलीने मोजून. मालक देताना पायलीच्या काठावरून हात फिरवून सपाट देत आणि उसनी दिलेली परत घेताना शीग लावून घेत. पायली एकच, वरचा डोंगर तेवढा एका बाजूचा. आई हे रागाने सांगत नसे. पाऊस कुठून येतो ते सांगावं तसं सांगे. तो खात्यात लागला तेव्हा आपण त्या हातावर मोहर मारायला चाललो आहोत असं त्याला वाटलं होतं, आणि पहिल्याच वर्षी बाळापूरच्या बाजारात त्याने खोट्या बुडाचं एक माप पकडलं. आत लाकडाची चकती. फुटाणे विकणारी म्हातारी होती, गरीब. ती रडली, तिच्या मागे तिच्यासारख्याच दोघी रडल्या. आईच्या पायलीचा सूड त्या म्हातारीवर निघाला आणि रीतसर पंचनामा झाला. हे त्याने साधनाला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, चकती किती जाडीची होती?

आता, त्या दुपारनंतर, तो मागे जाऊन जाऊन बघू लागला, आणि मागे सगळीकडे चकत्या सापडू लागल्या. तिचं बोलणंच घ्या. मोर्शीची, संत्र्याच्या बागांतली पोर, पण नोकरी लागल्यावर तिने जिभेवरचं वऱ्हाडी घासून काढलं होतं. "मले" म्हणणाऱ्या मुलीला ती तीनदा "मला" म्हणायला लावायची, घरातही "तुले" आलं की भुवई चढायची. गेल्या दिवाळीपासून मात्र "मले भूक नाही", "थे डबा कुठी ठेवला?" असं ती सहज बोलून जात होती, आणि संघपालला ते आवडलं होतं. त्याला वाटलं, म्हातारपणी बायको मोकळी होऊन राहिली. माणूस किती मूर्ख असू शकतो याला माप नाही. ती मोकळी होत नव्हती. घरातला वरवरचा रंग आधी उडतो आणि भिंत दिसते, तसं होत होतं. आणि भिंतीमागे काय होतं ते त्याला बघायचं नव्हतं.

बघायचं नव्हतं याला आणखी एक कारण होतं. त्यांच्या मुलीचं, पायलचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा महिनाअखेरीला ठरला होता. मुलगा स्वप्निल, अकोल्याचा, इंजिनियर. मुलगी आपल्या पसंतीने ठरवून बसलेली. त्याचे वडील शेषराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त, माणूस भला, पण भला माणूसही विचारतोच की हे रक्तात आहे का. पुढच्या पिढीत येतं का. आणि त्याने नाही विचारलं तर त्याची बहीण विचारेल, मावशी विचारेल, असे प्रश्न विचारायला प्रत्येक घरात एक माणूस राखून ठेवलेलं असतं. तेव्हा साक्षगंध होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. पायललाही नाही, तिचा चेहरा काही लपवू शकत नाही. आणि मुख्य म्हणजे साधनाला नाही. तिच्याकडे तो एक अंदाज होता. तोच चुकतो आहे हे तिला लोकांत कळलं तर उरलं काय?

डॉक्टरकडे न्यायचं तर अमरावतीत नको. अमरावतीतल्या निम्म्या डॉक्टरांच्या बायका साधनाच्या विद्यार्थिनी. एकीला कळलं की संध्याकाळपर्यंत राजकमल चौकात. अकोल्याला आपल्याला कोण ओळखतं, असा त्याने हिशोब केला, पायलला शालू बघायला जातो म्हणून सांगितलं, आणि होणारे इवाई, म्हणजे व्याही शेषराव, अकोल्याचेच आहेत हे त्याला बस बडनेऱ्याच्या पुढे गेल्यावर आठवलं. मग तो तोंडाला दुपट्टा बांधून बसला. नशिबाने उन्हाळ्यात तोंड बांधून हिंडणाऱ्या माणसाकडे वऱ्हाडात कुणी बघत नाही. दरोडेखोरांची चांगली सोय आहे. दवाखान्यात मात्र शेषरावांसारखा मिशीवाला कुणी म्हातारा जिना चढताना दिसला की तो दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढून घेई. शेजारी साधना ताठ बसली होती, मांडीवर पर्स, परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकासारखी.

डॉक्टर तरुण होता. "आजी," तो म्हणाला, "शंभरातून सात वजा करत जायचं."

"मॅडम म्हणा," ती म्हणाली. "आणि सात काय? सात ग्रॅम की सात वाट्या? एकक लिहिलं नाही तर मी मार्क देत नसे."

डॉक्टर हसला, संघपाल हसला, क्षणभर सगळं जागच्या जागी आलं. "त्र्याण्णव," ती म्हणाली. "शहाऐंशी." मग ती थांबली. पंखा फिरत होता. तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं, जणू तिथे फळा होता आणि कुणीतरी तो पुसून ठेवला होता. डॉक्टरने कागद दिला, घड्याळ काढायला सांगितलं. तिने सुंदर गोल काढला, कंपासशिवाय, जन्मभर काढत आली तसा. आत काहीच काढलं नाही. "काटे?" डॉक्टरने विचारलं. तिने कागदाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ही वाटी आहे. वरून पाहिलेली." नंतर तिला बाहेर बसवून डॉक्टर संघपालशी बोलला. गोळ्यांनी वेग कमी होतो. गेलेलं येत नाही. किती वेग, किती कमी, हे संघपालने विचारलं. डॉक्टर म्हणाला, काका, याचा तराजू नसतो. जन्मभर लोकांचे तराजू जप्त केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मूर्तिजापूर येईपर्यंत एक शब्द नाही. बाहेर काळी रानं नांगरून पडलेली, त्यांच्यावर उन्हाची वाफ हलत होती, आणि संघपालला तिच्या मनगटावरचं घड्याळ दिसत होतं. ते चालू होतं, काटे जिथे असायचे तिथे होते. "काय म्हणाला?" तिने शेवटी विचारलं.

"काही नाही. व्हिटॅमिन कमी आहे."

"किती कमी?"

"थोडं."

"थोडं हे माप नाही," ती म्हणाली, आणि परत बाहेर बघू लागली. त्याला वाटलं, ती विसरली. घरी पोचल्यावर तिने पायलला सांगितलं की शालू काही धड नव्हते. तो चकित झाला. शालूचं त्याने तिला एकदाच सांगितलं होतं.

मग अंदाजाचा दिवस आला. आचारी ठरलेला होता: पुंजाराम, मोर्शीचा, साधनाच्या माहेरच्या ओळखीचा, तिला मॅडम म्हणणारा आणि तिच्या आकड्यापुढे आपला अनुभव खुंटीला टांगणारा. पोळ्या, भाज्या, जिलेबी त्याचं तो बघे, तांदूळ मॅडमचे. जेवणाच्या टेबलाशी बसून, चष्मा नाकावर ओढून, तिने फोनचा स्पीकर लावला. "पुंजाराम, दोनशे माणसं. तांदूळ तीस किलो." समोर पेपर धरून बसलेल्या संघपालने पेपर घडी करून ठेवला. ती अर्धी वाटी विसरली होती. माणशी अख्खी धरली होती. तिकडून पुंजाराम "जी मॅडम" म्हणाला आणि मग जरा थांबून पुन्हा "जी" म्हणाला. साधनाने फोन ठेवला. पायल दारात उभी होती, कोरडा चेहरा करून; ती आत गेली. संघपाल पान खाण्याच्या मिषाने बाहेर पडला आणि चौकातल्या लिंबाखाली उभं राहून त्याने पुंजारामला फोन लावला. पंधरा हा आकडा त्याच्या तोंडात होता, पण तो उच्चारला की साधना खोटी ठरणार होती, आणि लिंबाखाली उभं राहून, पानाच्या टपरीसमोर, एका आचाऱ्यापाशी बायकोला खोटं पाडणं त्याला जमेना. म्हणून तो नुसतं म्हणाला, "हे पाय पुंजाराम, तांदूळ सांगितलेत ना, थ्याच्या निम्मे घे. अन् मॅडमले बोलू नको."

"निम्मे?" पुंजाराम म्हणाला. "सांगतले थ्याच्या?"

"हो रे बाबा, निम्मे."

"बरं बरं सायेब. तुमी म्हनान तसं."

पुढचे दिवस संघपालने चोरासारखे काढले. पायलने केकसाठी आणलेला छोटा इलेक्ट्रिक काटा त्याने कपाटाच्या मागे सरकवून ठेवला, साधनाला दिसू नये म्हणून. मग रोज दुपारी ती पडली की तो काढून त्याच्यावर काहीबाही ठेवून बघू लागला. वाटीभर तांदूळ. वाटीभर मुरमुरे. तेच आकडे यायचे. त्याला नक्की काय तपासायचं होतं कोण जाणे. कदाचित एखाद दिवस मुरमुरे दीडशे भरतील आणि ती बरोबर ठरेल. एकदा त्याला वाटलं, तिचंच म्हणणं खरं. मुठीत आणि वाटीत किती मावतं एवढंच माणसाने बघावं, आत भरीव आहे की पोकळ हे विचारू नये. निम्म्या जगाचं त्यावर बरं चाललं आहे. खात्यात एक नियम होता: तराजू खोटा दाखवत असेल, पण नेहमी तेवढ्यानेच खोटा दाखवत असेल, तरी त्याच्यावर मोहर उठत नाही. व्यापारी गयावया करायचे, साहेब, आम्हाला माहीत आहे ना किती खोटा आहे, आम्ही तेवढं वजा करतो. तो ऐकून घ्यायचा आणि तराजू जप्त करायचा.

साक्षगंधाच्या दिवशी ऊन असं होतं की सभागृहाच्या दारातली रांगोळीही पांढरी पडली. त्रिसरण-पंचशील झालं, अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. शेषराव कडकडून भेटले. "जय भीम, इवाई! अन् इहीनबाईच्या अंदाजाचं लय आयकलं बाप्पा आमी. भात ना कमी ना जास्त. आज पायतोच." संघपाल हसला. मग सवयीने, निरीक्षकाच्या सवयीने, मागच्या बाजूला गेला जिथे पुंजारामच्या चुली मांडल्या होत्या. पोळ्यांचे ढीग होते, भाज्यांनी भरलेले गंज, मोठमोठी पातेली होती, जिलेबीचे थाळे होते. आणि एका कडेला, फडक्याने झाकलेला, एक लहानसा गंज होता, सत्यनारायणाच्या शिऱ्याला असतो तेवढा.

"भात कुठाय?"

"थो काय सायेब."

"हा? हे किती किलो?"

"चार." पुंजाराम कपाळ पुसत म्हणाला. "हिशोबानं पावनेचारच येत होते. म्या म्हटलं, पावभर आपल्याकडून."

संघपालच्या कानात कूलरसारखं काहीतरी सुरू झालं. "मी निम्मे सांगितले होते!"

"हो ना. तुमी निम्मे सांगतले. थ्याच्या मांगून पायलताईचा फोन, म्हने काका, निम्मे करा अन् पप्पाले सांगू नका. आता एकीकून बाप म्हंते निम्मे, एकीकून पोरगी म्हंते निम्मे. म्या इच्यार केला, अकोल्याचे पावने पोळीचे असतीन, भात खात नसतीन. नाईतं मंग सोयरीक मोडून राहिली असन अन् मानसं कमी होऊन राहिले असतीन. थ्या घरात आपन कायले तोंड घाला?"

पायल शालूचा घोळ सावरत मागे आली होती. पप्पा कुठे गेले बघायला. तिने गंज पाहिला, पुंजाराम पाहिला, बाप पाहिला. तिला सांगावं लागलं नाही.

"केव्हापासून माहीत आहे तुला?" संघपालने विचारलं.

"भीमजयंतीच्या खिरीपासून. दूध आणि तांदूळ तिने वाटीला वाटी घातले होते. मी मागून दूध वाढवत बसले." ती थांबली. "तुम्ही दोनदा मागून घेतली ती खीर, पप्पा. मला वाटलं तुम्हाला काहीच..."

"हे दोनच निम्मे झाले," संघपाल म्हणाला. अशा वेळीही त्याचं डोकं भागाकार करत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली. "तीसचे पंधरा, पंधराचे साडेसात. चार कसे झाले?"

पुंजाराम आता खरोखर घाबरला. "मंग मॅडमचं नाई का? सगळ्याईच्या पयले थ्याईचाच तं फोन आला. तीस सांगतले अन् घडीभरानं पुन्ना लावला. लय हळू बोलून राहिल्या होत्या. म्हने, पुंजाराम, म्या सांगतलं थे धरू नको. माहा हिशोब आजकाल दुप्पट येऊन राहिला. कुठी चुकते थे मले सापडत नाई. तू निम्मं कर, अन् घरी कोनाले सांगू नको, पोरीचं लग्न हाय."

आतून माइकवर कुणीतरी सूचना देत होतं. संघपालला बस दिसत होती, खिडकी, बाहेरची रानं. किती कमी, तिने विचारलं होतं. मूर्तिजापूरपर्यंत ती गप्प बसली होती ते विसरून नव्हे; ती मोजत होती. चूक कुठे आहे हे तिला सापडत नव्हतं, पण चूक किती आहे हे तिने अंधारात चाचपडत शोधून काढलं होतं आणि तेवढं वजा केलं होतं, तराजूतली खोट वजा करणाऱ्या त्या व्यापाऱ्यांसारखं. तिचा अंदाज बरोबर होता. पंधरा किलो. तो बाप-लेकीने मिळून बिघडवला.

"तांदूळ आना," पुंजाराम म्हणाला. "अर्ध्या घंट्यात दुसरा गंज उतरवतो. भट्टी पेटेलच हाय. पन आता सगळ्याईले दिसन."

"नका आणू," पायल म्हणाली. डोळ्यांतलं काजळ जपत ती वर बघत होती. "आईला दिसलं की भात पुन्हा चढवला, तर तिला काय वाटेल? तिला वाटेल निम्मं केलं तेही चुकलं. नाहीतर आपल्याला तिला सांगावं लागेल, की आम्हाला माहीत आहे."

संघपालने गंजाकडे पाहिलं. चार किलो. एका बाजूला दोनशे माणसं आणि शेषरावांची मिशी. दुसऱ्या बाजूला साधनाने स्वतःच्या हाताने लावलेली ती एकुलती एक दुरुस्ती. हे दोन्ही कोणत्या एककात घालून तोलायचं? नोकरीत असता तर त्याने पंचनामा केला असता. "राहू दे," तो म्हणाला. "कमी पडला तर मी सांगतो, आकडा मी दिला होता. वजनमापाचा माणूस, चुकला." पायलने मान हलवली आणि ती आत गेली, कारण नवरीमुलीला फार वेळ बाहेर राहता येत नाही.

ती गेली आणि साधना आली. मोरपंखी साडी, केसांत गजरा, चेहऱ्यावर घामाचे थेंब. छान दिसत होती. ती सरळ गंजापाशी गेली, फडकं उचललं, आत वाकून पाहिलं. हीच बाई एके काळी लग्नाच्या मांडवात लांबून गंज पाहून सांगायची, दोन किलो कमी आहे.

"पुरेल का हो?" तिने विचारलं.

"पुरेल."

"तुमी मोजलं?"

"मोजलं."

"किती?"

ती त्याच्याकडे बघत होती. तो आकडा, जो त्याने लिंबाखाली गिळला होता, आता काढावा लागला. "पंधरा किलो," तो म्हणाला.

तिने पुन्हा एकदा गंजात पाहिलं. त्या भांड्यात पंधरा किलोचा भात काही केल्या मावला नसता. हे पुंजारामला दिसत होतं, पाणी भरणाऱ्या बाईला दिसत होतं. साधनाच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला, मापात भरलेल्या पिठासारखा. "मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि फडकं नीट चारी बाजूंनी खोचून, पदर सावरत, पाहुण्यांकडे गेली. संघपाल तिथेच उभा राहिला. पुंजारामने त्याच्यासाठी स्टूल ओढलं आणि स्वतः पलीकडे तोंड करून उगीचच चूल सारखी करू लागला.

पंगत बसली तेव्हा तो शेषरावांच्या शेजारी होता. पोळ्या आल्या, वांग्याची भाजी आली, जिलेबी आली, मठ्ठा आला, पुन्हा मठ्ठा आला. प्रत्येक वाढपी पुढे सरकताना त्याला भाताचा वाटे. बोलायचं वाक्य त्याने तयार ठेवलं होतं: आकडा मी दिला होता. अकोल्याहून दोन गाड्या यायच्या होत्या. उन्हामुळे एकच आली होती. मोर्शीचे अर्धे लोक आलेच नव्हते. शेवटी भाताची पाटी घेऊन माणूस आला तेव्हा शेषरावांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. "नाई बाप्पा, या उन्हात भात कोन खाते? मठ्ठा आन." पुढच्या पानांवरही तसेच हात आडवे होत गेले.

भात उरला.